वास येणं बंद झालं, म्हणजे हवा सुधारली का?

आपल्या उमरेडहून दक्षिणेला चंद्रपूर जिल्ह्यात गेलात, की वर्धा नदीकाठी बल्लारपूर लागतं. गोंड राजांचा किल्ला, नदी, आजूबाजूला जंगल. आणि पेपर मिल. तिची कंपनी १९४५ सालची.

पेपर मिलच्या गावात पाहुणा नाक दाबतो, "हा सडक्या अंड्यांचा वास कशाचा?" गावातला म्हणतो, "कुठंय? मला तर नाही येत!"

दोघंही खरं बोलतात. कसं, ते बघू.

बांबू-निलगिरीचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये सुमारे १७० अंश सेल्सिअसला शिजवतात. लाकडातलं लिग्निन विरघळतं, कागदाचे तंतू उरतात. पण गंधकामुळे हायड्रोजन सल्फाइड, मर्कॅप्टन असे वायू तयार होतात. अब्जात काही भाग असले तरी नाकाला कळतात. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत अडकते, तेव्हा जास्तच.

नाक मात्र लवकर सरावतं. शिवाय हायड्रोजन सल्फाइड फार वाढला, तर नाकच सुन्न होतं. म्हणजे वास गेला म्हणून वायू गेला, असं नाही बरं का!

मिल बंद करा, असं कोण म्हणेल? कित्येकांची चूल तिच्यावर पेटते. पण हे वायू गोळा करून भट्टीत जाळता येतात. म्हणून वास आला की तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा मोबाइलमध्ये टिपा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करताना "नेहमीच येतो" यापेक्षा ही यादी जास्त कामाची.

आणि घरी पाहुणा आला, तर त्याच्या नाकावर विश्वास ठेवा. भेटू पुढच्या भागात!