एम्पायर व त्याचे सोयरे शब्द



'एम्पायर' हा इंग्रजी शब्द आढळला कीं त्यावर 'साम्राज्य' हा प्रतिशब्द ठेवून आपण मोकळे होतों. परंतु या शब्दाचें मूळ मुलुखांत नसून हुकमांत आहे. लॅटिन 'इम्पेरियम' म्हणजे आज्ञा करण्याचा अधिकार. रोमचा कॉन्सल तो एका वर्षापुरता धारण करी. हा अधिकार जेथवर चाले त्या प्रदेशालाही पुढें तेंच नांव मिळालें.

१५३३ सालीं आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटनें कायद्यांत लिहिलें कीं, इंग्लंड हें एक 'एम्पायर' आहे. येथें परमुलुखावरील सत्तेचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडांतील खटल्यांचें अपील रोमला पोपकडे जाणार नाहीं, आमच्या राजावर बाहेरचा कोणी धनी नाहीं, हा त्याचा भावार्थ. ज्या शब्दानें इंग्लंडनें आपलें स्वातंत्र्य पुकारलें, त्याच शब्दाखालीं पुढें कित्येक देशांचें स्वातंत्र्य गेलें, ही एक गंमतच; आपल्याला ती महाग पडली, एवढेंच!

'इम्पीरियल' म्हणजे निव्वळ साम्राज्याचा वा सम्राटाचा. १९२१ सालीं निघालेल्या इम्पीरियल बँकेला 'साम्राज्यवादी बँक' म्हणणें हास्यास्पद होईल. 'इम्पीरियलिझम' हें धोरणाचें नांव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज लोक तें तिसऱ्या नेपोलियनच्या कारभाराला हेटाळणीनें लावीत.

'कॉलनी' या शब्दापाशीं मात्र थोडें थांबलें पाहिजे. त्याचें मूळ शेत कसण्यांत आहे. रोमन सैनिकांना जमिनी देऊन जेथें वसवीत ती 'कोलोनिया'. जर्मनींतील कलोन शहराच्या नांवांत ती अद्याप टिकून आहे. कॅनडा व ऑस्ट्रेलिया या अर्थानें खऱ्या वसाहती. हिंदुस्थानांत इंग्रज अधिकारी येत व पेन्शन घेऊन परत जात. ते येथें वसले नाहींत. असें असतां 'डोमिनियन स्टेटस' याला मराठींत 'वसाहतीचें स्वराज्य' हा शब्द रूढ झाला. १९२८ च्या नेहरू अहवालानें तेंच मागितलें, आणि १९२९ च्या डिसेंबरांत लाहोरच्या काँग्रेसनें तें सोडून पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. मराठी शब्दाला दुय्यमपणाचा वास येतो, हें खरें. पण १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्यानें डोमिनियनांच्या कायदेमंडळांवरील ब्रिटिश पार्लमेंटचा वरचष्मा बहुतांशीं काढून टाकला होता. शब्द मागें राहिला आणि वस्तु पुढें गेली.

राहतां राहिला 'एम्परर'. १८७६ च्या कायद्यानें व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची 'एम्प्रेस' झाली. तिच्या 'कैसर-इ-हिंद' या पदवींतील कैसर म्हणजे रोमचा सीझरच. १९४८ च्या जूनमध्यें सहाव्या जॉर्जनें ही सम्राटपदाची पदवी सोडली. मात्र २६ जानेवारी १९५० पर्यंत, म्हणजे सुमारें एकोणीस महिने, हिंदुस्थानला राजा होता आणि सम्राट नव्हता.