हस्तोद्योगातून गणित : लाकडी पेटी

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने हस्तोद्योग हा शिक्षणाचा पाया मानला. बारामती व इंदापूर तालुक्यांतील शाळांस त्यासाठी खडूची लहान पेटी हा सुलभ पाठ होय. बांधावरची बाभूळ औताला उत्तम. परंतु बालकांच्या करवतीस ती कठीण जाते. म्हणून आंब्याची वा जुन्या देवदारी खोक्याची १ सेंमी जाडीची फळी घ्यावी.

पेटी बाहेरून २० सेंमी लांब व १२ सेंमी रुंद, आणि बाजू ८ सेंमी उंच धराव्यात. आखूड बाजू लांब बाजूंच्या आत बसतात. म्हणून त्या १२ नव्हे, १० सेंमीच्या हव्यात. विद्यार्थी नेमका येथेच चुकतो व तळाची फळी अपुरी पडते. यास्तव प्रथम जमिनीवर खडूने आराखडा काढवावा. म्हणजे चूक लाकडावर न होता जमिनीवर होईल.

गुण्याने रेघ आखून करवत रेघेच्या बाहेरून चालवावी. उरलेले कानसीने घासावे. खिळ्याचे टोक किंचित बोथट केल्यास फळी चिरत नाही. तळ खालून ठोकावा. शेवटी पेटीत ज्वारी भरून ती मापाने मोजावी : १८ × १० × ८ म्हणजे १४४० घन सेंमी, सुमारे दीड लिटर. स्वतःच्या हातांनी खरे ठरविलेले गणित मूल सहसा विसरत नाही.