सोयाबीनच्या गाठीतल्या प्रथिनाचा सातबारा

रिसोड तालुक्यातल्या रिठदच्या शिवारात सोयाबीन फुलोऱ्यावर आलं, की एक झाड मुळासकट अलगद उपटून पाहावं. मुळांवर बारीक गाठी दिसतात. एखादी नखाने फोडावी. आत गुलाबी-लाल रंग निघाला तर गाठ कामाला लागलेली. हिरवट किंवा पांढरी निघाली तर नाही.

हा लाल रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. पण त्यासाठी लागणारं त्यांचं विकर प्राणवायूने बिघडतं, आणि श्वसनाला तर प्राणवायू हवाच. लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवतं आणि बेताबेताने पुरवतं. हे त्याला जमतं ते त्याच्या आकारामुळे. तो आकार मोबाइलवर, एक रुपयाही न देता बघता येतो.

जमिनीची माहिती काढायला गट नंबर लागतो, तसं इथेही आहे. प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांच्या रचनांचा साठा, १९७१ साली अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत अवघ्या ७ रचनांवर सुरू झाली. आज तिथे दोन लाखांहून जास्त नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीला चार अक्षरी क्रमांक असतो. सोयाबीनच्या लेगहिमोग्लोबिनचा क्रमांक १बीआयएन. ‘आरसीएसबी पीडीबी’ या बँकेच्या संकेतस्थळावर तो इंग्रजी अक्षरांत टाकायचा.

पान उघडलं की चित्राकडे धावू नये. आधी सातबारा वाचावा. प्रथिन कोणाचं? ग्लायसिन मॅक्स, म्हणजे आपलं सोयाबीन. रचना कशी काढली? प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडून. बारकावा किती? तो अँगस्ट्रॉममध्ये दिलेला असतो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. हा आकडा जितका लहान, तितकी रचना स्पष्ट. दोनच्या आसपास असला तर साखळीचे बहुतेक वळसे विश्वासाने वाचता येतात.

मग त्रिमिती चित्र उघडून बोटाने फिरवावं. नागमोडी वळसे म्हणजे प्रथिनाची साखळी. मधल्या खोबणीत एक चपटी चकती बसलेली दिसेल. ती हीम, आणि तिच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. प्राणवायू तिथेच धरला जातो. वर्गात शिकवताना शेजारच्या खिडकीत १एमबीएन उघडावं. हे स्पर्म व्हेलच्या स्नायूतलं मायोग्लोबिन. जॉन केंड्रयू यांनी त्याची रचना १९५८ साली पहिल्यांदा उलगडली. एक झाड, एक समुद्रातला प्राणी, आणि साखळीची घडी जवळजवळ तीच. मुलांना उत्क्रांती समजावायला याहून सोपा धडा मिळणं कठीण.

या नोंदी जगभरातल्या प्रयोगशाळांतून येतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सी. जी. सुरेश आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांसोबत पेनिसिलिन व्ही अ‍ॅसिलेज या विकराची रचना १९९९ साली प्रसिद्ध केली. तीही इथे कोणालाही उघडता येते.

अल्फाफोल्ड हा दुसरा साठा २०२१ साली खुला झाला. त्यात वीस कोटींहून जास्त रचना आहेत, सोयाबीनच्या हजारो प्रथिनांसकट. पण त्या संगणकाने वर्तवलेल्या. शेतकऱ्याला हा फरक नव्याने सांगायला नको: एक पीक कापणी प्रयोग, दुसरी नजरअंदाज पैसेवारी. अंदाज पुष्कळदा अचूक निघतो, आणि त्याचा भरवसा किती हेही रंगाने दाखवलेलं असतं: गडद निळा भाग पक्का, नारिंगी भाग डळमळीत.

लेगहिमोग्लोबिन तिथेही शोधून पाहावं. वळसे सगळे जागच्या जागी असतात, खोबणीही असते. पण ती रिकामी. अल्फाफोल्डचा साठा फक्त प्रथिनाची साखळी दाखवतो, हीम दाखवत नाही. गाठ फोडल्यावर नखाला लागलेला लाल रंग नेमका त्या हीमचा होता.