बारीक अंगातली चरबी

‘मी तर बारीक आहे, मला कशाला होते शुगर?’ असं म्हणणारे नागपुरात ठायी ठायी भेटतात. त्यांच्यासाठी पुण्याची ही गोष्ट.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

ही चरबी कातडीखाली मावेनाशी झाली की यकृतात, स्नायूंत शिरते. खरी गडबड तिथं. एरवी इन्सुलिन स्नायूपेशीला चिकटलं की ग्लुट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. पेशीत मेद साचला की इन्सुलिनचा हा निरोप मध्येच अडतो. यकृतही इन्सुलिनला जुमानत नाही, जेवणानंतरही रक्तात साखर सोडत राहतं. स्वादुपिंड मग जास्तीचं इन्सुलिन ओततं, म्हणून कित्येक वर्षं रिपोर्ट नॉर्मल येतो. मला हाच काळ सर्वांत धोक्याचा वाटतो. इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी थकल्या की मधुमेह उघड होतो.

तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका, कमरेला टेप लावा: पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा. आणि चाला. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या निरोपाविनाही ग्लुट-४ वर आणतो.