लोणावळ्यात गाडीचा फोटो धूसर येतोय? एचडीआर वापरताना ही सेटिंग्ज तपासा

पावसाळ्यात लोणावळ्याला गेल्यावर टायगर पॉइंट किंवा लायन्स पॉइंटला गाडीचा एक तरी फोटो होतोच. मात्र घरी येऊन झूम केले की आकाश पांढरेफटक, गाडी काळी पडलेली दिसते. एचडीआर सुरू असेल तर कधी नंबर प्लेटवरची अक्षरेही दुहेरी दिसतात. असे का होते?

एचडीआर काय करते?
एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. दरीवरचे आकाश खूप उजळ असते, तर चाके आणि ग्रिल खूप गडद. सेन्सरला एका फोटोत दोन्ही पकडता येत नाहीत. त्यामुळे कॅमेरा पाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो. कल्पना जुनीच आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे १८५०च्या दशकात समुद्र आणि आकाशासाठी दोन वेगळ्या निगेटिव्ह वापरून एकच फोटो छापत असे.

मग फोटो हलतो कसा?
कॅमेऱ्यात साधारणपणे -२, ० आणि +२ अशा तीन एक्स्पोजरचे फोटो घेतले जातात. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो. शटर बदलून हे केले, तर मधला फोटो १/६० सेकंदाचा असताना +२चा फोटो १/१५ सेकंदाचा होतो. तेवढ्यात हात किंवा गाडी हलली, की कडा जुळत नाहीत.

काय कराल?
• एसी गाडीतून बाहेर काढलेल्या थंड फोनच्या लेन्सवर दमट हवेत बाष्प धरते. दोन-तीन मिनिटे थांबा आणि मऊ कापडाने लेन्स पुसा.
• फोन ट्रायपॉडवर लावा किंवा कठड्याला टेकवा. दोन-तीन सेकंदांचा टायमर लावा.
• स्क्रीनवर हेडलाइटच्या जागी बोट दाबून ठेवा. फोकस लॉक झाला की एक्स्पोजर थोडे कमी करा. पांढऱ्या बॉनेटवरचे बारकावे टिकतील.
• चिमटीने झूम करू नका. टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरा. त्यासाठी मागे सरकताना आधी मागे वळून पाहा.
• डीएसएलआर असेल तर एफ/८, आयएसओ १०० आणि ब्रॅकेटिंग ±२ ठेवा. काचेवरची चमक पोलरायझर फिल्टरने कमी होते.
• चालत्या गाडीसाठी एचडीआर बंद करा. प्रो मोडमध्ये शटर १/५०० किंवा त्याहून जलद ठेवा.

फोटो कुठे काढू नये?
द्रुतगती मार्गावर किंवा घाटातल्या वळणावर फोटोसाठी गाडी थांबवू नका. धुक्यात मागून येणाऱ्या चालकाला उभी गाडी अगदी जवळ आल्यावरच दिसते. ट्रायपॉड लावायचा तर गाडी पार्किंगमध्येच हवी.

पाण्याजवळ तर आणखी जपा. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर मनाई आदेश लागू केले. त्यामुळे निघण्यापूर्वी फोनची बॅटरी तपासताना असा आदेश सध्या लागू आहे का, तेही पाहून घ्या.