धनुष्यावरील वृक्षसालीचे आवरण

हाताने घडविलेल्या लाकडी किंवा संयुक्त धनुष्याचे दमटपणापासून रक्षण करण्यासाठी त्यावर झाडाच्या सालीचा पातळ थर चिकटविण्याची अथवा सालीच्या पट्ट्या गुंडाळण्याची पद्धत. सालीमुळे धनुष्यास शोभा येत असली, तरी तिचे मुख्य कार्य संरक्षणाचे आहे; धनुष्याच्या जोरात तिच्यामुळे विशेष भर पडत नाही.

धनुष्य ओढले असता त्याची लक्ष्याकडील बाजू (पाठ) ताणली जाते व धनुर्धराकडील बाजू (पोट) दाबली जाते. एकाच लाकडापासून केलेल्या साध्या धनुष्याची मूळ साल सामान्यतः काढून टाकतात. कारण वाळलेली बाह्य साल ठिसूळ असून वाकताना तडकते, तसेच तिच्याखाली किडे राहतात. मात्र सालीलगतचे लाकूड न तासता पाठ म्हणून ठेवणे इष्ट असते. त्यातील तंतू अखंड राहिल्यास ताणाखाली चिरफळ्या उडण्याचा धोका कमी होतो. झाडाच्या वाढीच्या हंगामात साल सहज सुटते, हिवाळ्यात ती लाकडास घट्ट चिकटून असते. डेन्मार्कमधील होल्मेगोर येथे १९४४ मध्ये सापडलेली एल्म लाकडाची धनुष्ये सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची आहेत. त्यांतही सालीखालचा पृष्ठभागच पाठीसाठी वापरलेला आहे.

संयुक्त धनुष्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या लाकडी किंवा बांबूच्या गाभ्याच्या पोटाकडील बाजूस शिंगाची पट्टी व पाठीस प्राण्यांच्या कंडरांचे (स्नायू हाडास जोडणाऱ्या चिवट दोरीसारख्या ऊतकांचे) तंतू सरसाने चिकटविलेले असतात. कातडे, कंडरा किंवा माशाचे वाताशय यांपासून केलेला सरस वाळल्यावर अत्यंत बळकट होतो. परंतु ओलाव्याने तो मऊ पडतो व सांधे सुटू लागतात. त्यामुळे पाऊस व धुके हे अशा धनुष्याचे मोठे शत्रू ठरतात.

या कामी भूर्ज वृक्षाची साल विशेष उपयुक्त आहे. तिची बाह्य साल कागदासारख्या पातळ थरांची बनलेली असून त्यांतील सुबेरिन व बेट्युलिन या पदार्थांमुळे तिच्यातून पाणी सहसा झिरपत नाही आणि ती लवकर कुजत नाही. पातळ केलेला थर लवचिक असल्याने धनुष्याबरोबर वाकतो. भारतीय वाचकांस ही साल भूर्जपत्र म्हणून परिचित आहे. हिमालयातील भूर्जाच्या सालीवर प्राचीन काळी ग्रंथ लिहिले जात.

कोरियातील परंपरागत धनुष्यात म्हशीचे शिंग, बांबू, तुतीचे लाकूड व कंडरा यांचा वापर करून पाठीवर भूर्जसाल चिकटवितात. चीनमधील मांचू धनुष्यांवरही भूर्जसालीचे आवरण आढळते. उत्तर यूरोपातील सामी (लॅप) लोकांच्या धनुष्यात शिंग वा कंडरा नसत. पोटासाठी पाइनचे दाट, राळयुक्त लाकूड व पाठीसाठी भूर्जाचे लाकूड वापरून ते जोडीत आणि वर भूर्जसाल गुंडाळीत. या जोडकामासाठी पर्च माशाच्या कातडीपासून सरस करीत. स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनीअस यांनी १७३२ च्या लॅपलंड प्रवासात या सरसाची नोंद केली. ईजिप्तमध्ये १९२२ साली उघडकीस आलेल्या तूतांखामेनच्या थडग्यातील संयुक्त धनुष्यांवरही सालीचे आवरण होते.

साल काढताना फक्त बाह्य थर सोलल्यास झाड जगू शकते. पण आतील साल खोडाभोवती पूर्ण कापली गेल्यास पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाणे थांबून झाड वाळते. म्हणून उथळ छेद देण्याचे कसब धनुष्य घडविण्याइतकेच महत्त्वाचे असते. कृत्रिम तंतू, प्लॅस्टिक व जलरोधी आसंजके (चिकटविणारे पदार्थ) यांमुळे सालीची निकड उरलेली नाही. तथापि कोरियन शासनाने १९७१ मध्ये धनुष्यबाण बनविण्याच्या कलेस महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला असून त्या परंपरेतील कारागीर सालीचा वापर करतात.