खाद्यातली बुरशी आणि कोंबडीचे आरोग्य

1960 साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले अचानक दगावली. रोगजंतू सापडेना, म्हणून आजाराला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. शोध अखेर ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपाशी पोहोचला. त्या पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. तिच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन म्हटले गेले. कुक्कुटपालनात आजही सर्वाधिक धास्ती याच विषाची असते.

विष कुठे तयार होते?

ब्रॉयलरच्या खाद्यात निम्म्याहून अधिक वाटा बहुधा मक्याचा असतो. खरिपाचा मका काढणीला येतो तेव्हा परतीचा पाऊस गाठतो, कणसे ओली राहतात आणि बुरशीला शेतातच थारा मिळतो. नीट न वाळवता पोती भरली की गोदामात ती आणखी फोफावते. फुटलेल्या व किडलेल्या दाण्यांत ती लवकर शिरते. शेंगदाणा पेंड आणि सरकी पेंडीलाही हाच धोका असतो.

बुरशी मेली तरी विष उरते. पेलेट बनवताना दिलेल्या उष्णतेने बुरशी मरते, पण अफ्लाटॉक्सिन टिकून राहते. त्यामुळे दिसायला स्वच्छ असलेले खाद्यही विषारी असू शकते.

कोंबडीवर काय परिणाम होतो?

• यकृत: अफ्लाटॉक्सिनचा पहिला घाव इथे बसतो. यकृत मोठे, पिवळट आणि ठिसूळ होते, त्यात चरबी साठते.
• वाढ आणि अंडी: खाद्य खाऊनही वजन भरत नाही. लेअरमध्ये अंड्यांचे प्रमाण आणि आकार घटतो.
• रोगप्रतिकारशक्ती: बर्सा व थायमस या ग्रंथी आक्रसतात. लस वेळेवर देऊनही पुरेसे संरक्षण मिळत नाही आणि दोष लसीवर जातो.
• मूत्रपिंड: ऑक्रॅटॉक्सिन या दुसऱ्या बुरशीविषामुळे मूत्रपिंडे सुजतात, विष्ठा पातळ होते आणि लिटर (जमिनीवर पसरलेला भुसा) ओले राहते.
• तोंड: फ्युझेरियम बुरशीच्या टी-2 विषाने चोचीत व जिभेवर फोड येतात, पक्षी खाणे कमी करतो.

बदके आणि टर्कीची पिल्ले कोंबडीपेक्षा अफ्लाटॉक्सिनला जास्त संवेदनशील असतात. विषाची मात्रा थोडी असली तर मरतूक होत नाही. नुकसान कमी वजन, जास्त खाद्यखर्च आणि वारंवार होणारे आजार यांतून होत राहते.

मांसाचे काय?

बाधित पक्ष्यांच्या रक्तवाहिन्या नाजूक होतात. पकडताना, वाहून नेताना स्नायूंत रक्त साकळते आणि मांसाची प्रत घसरते. खाद्यातील पिवळे रंगद्रव्य नीट शोषले न गेल्याने कातडी व पाय फिकट दिसतात.

विषाचे अवशेष मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडात आढळतात, मांसात त्यांचे प्रमाण बरेच कमी असते. दूषित खाद्य बंद केल्यावर अफ्लाटॉक्सिनचे अवशेष काही दिवसांतच घटू लागतात. तरीही हा विषय हलक्यात घेण्याजोगा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि शिजवल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. कलेजी आवडीने खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मर्यादा आणि तपासणी

भारतीय मानक ब्युरोच्या मानकानुसार कुक्कुटखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी1 जास्तीत जास्त 20 पीपीबी चालते, म्हणजे एक टन खाद्यात फक्त 20 मिलिग्रॅम. विष सगळ्या मालात सारखे पसरलेले नसते. एकाच पोत्यातला मूठभर नमुना फसवा ठरतो. अनेक पोत्यांतून, वरून-खालून माल काढून, एकत्र मिसळूनच प्रयोगशाळेत पाठवावा.

काय करावे?

• मका खरेदी करताना ओल मोजावी. 12 ते 13 टक्क्यांहून जास्त ओलीचा माल साठवू नये.
• पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. आधी आलेला माल आधी वापरावा.
• भांडी व पाइपमध्ये साचलेले जुने खाद्य नियमित काढावे.
• काळे, ढेकळे झालेले खाद्य चांगल्या मालात मिसळून खपवू नये.
• खाद्यातले विष धरून ठेवणारे टॉक्सिन बाइंडर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरावे. बेन्टोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिन चांगले धरते, टी-2 वर मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही.

बाइंडर हा शेवटचा आधार आहे. मका नीट वाळवून कोरडा साठवला, तर बाइंडरची गरज कमी पडते आणि अशी कोरडी साठवण हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.